अष्टमीला धुतलेले पाय

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या कळमेश्वर बसने सुनंदा आली. एक पिशवी आणि आठ वर्षांची आर्या. डावा डोळा सुजून बंद. नवरा विलास एमआयडीसीत कामाला. पगार झाला की पितो, पगार संपला की मारतो. इथेच राहून घर सांभाळणाऱ्या निर्मलाने तिला खिडकीजवळची जागा दिली. आता निवाराघरात बायका चार आणि मूल हे एकच, त्यामुळे लाडाला तोटा नाही.

आल्या आल्या सुनंदाने हात जोडून मोठ्याने ‘जयभीम ताई’ म्हटलं आणि निर्मलाने तोंडावर बोट ठेवलं. नियम माझाच आहे. व्हरांड्यात, जिन्यात, फोनवर जयभीम नाही. हॅलो म्हणायचं. मार खाऊन आलेल्या बाईला पहिल्याच मिनिटाला इथेही गप्प बसवलं. ती बघतच राहिली. काय समजावणार?

१५ सप्टें., सोम.

नवी बाई आली की जुनं सगळं डोक्यात फिरायला लागतं.

आधीचं निवाराघर आमच्याच वस्तीत होतं. नवऱ्यांना रस्ता पाठ. दार तुटलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तुटलं. वर आमच्याच समाजाचे चार शहाणे येऊन बसायचे: ताई, घरचं भांडण आहे, समाजाची बदनामी कशाला. बाईचा दात पडला की घरचं भांडण आणि आम्ही दार लावलं की बदनामी. म्हणून मनीषनगर. इथे आम्हाला कोणी शोधणार नाही, कारण इथे आम्हाला कोणी घर देईल असं कोणाला वाटतच नाही.

तसं देतही नव्हते. पूर्ण नाव विचारायचे, मग मुलाचं लग्न निघायचं नाहीतर रंगकाम. या घराच्या मालकीण कुंदाकाकूंनी माझं ‘वानखेडे’ ऐकलं आणि स्वतःच ठरवून टाकलं. ‘आमच्या अमरावतीकडे आहेत हो वानखेडे, चांगले शेतीवाले.’ मी नुसती हसले. त्या एका हसण्यावर हे घर उभं आहे.

काकू वर एकट्या राहतात. मुलगा बंगळूरला. बाई वाईट नाही. परवा आलूभात खाली पाठवला होता.

आमच्या दोन्ही महामानवांचे फोटो कपाटाच्या आत लावले आहेत. सकाळी कपाट उघडायचं, हळू आवाजात वंदना म्हणायची, कपाट बंद. आर्याने आज विचारलं, ते आत का राहतात? निर्मला म्हणाली, धूळ लागते म्हणून. पोरीने मान डोलावली. आमच्यापैकी कोणीच तिच्याकडे बघितलं नाही.

२२ सप्टें., सोम.

वकीलबाईंकडे जाऊन आलो. विलासने कुटुंब न्यायालयात अर्ज टाकला आहे: बायको पोरीला घेऊन पळाली, पोरगी माझ्या ताब्यात द्या. पोरीसाठी नाही, सुनंदाला परत आणण्यासाठी. पोरगी गेली की आई मागे येते, हे त्याला बरोबर माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधीची तारीख. तिथली समुपदेशक मॅडम आर्याशी एकटीशी बोलणार.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. तारखेपर्यंत पत्ता बदलायचा नाही, नाहीतर समोरचा म्हणेल पोरीला घेऊन दारोदार फिरते. आणि पोरीला काही पढवायचं नाही. पढवलेलं मूल तिथे लगेच ओळखू येतं.

सुनंदा परत येताना ऑटोत एकच वाक्य बोलली.

‘ताई, आर्या गेली त मी जातो बरं त्याच्या घरी. मंग मले मारला तरी चालते.’

मी रागावले तिच्यावर. रागावून काय उपयोग होता.

आजपासून नवरात्र. वर घट बसले.

२८ सप्टें., रवि.

काकू फाटकाशी थांबल्या. अष्टमीला कुमारिका पूजायच्या आहेत, पण मिळतच नाहीत हो. या भागात पोरी आहेत कुठे? आहेत त्यांचं त्या दिवशी पाच-पाच घरी बुकिंग. तुमची ती छोटी द्या न.

नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागतं. एका वाक्यात सगळं घर उघडं पडतं. ‘आईला विचारते’ म्हणून सुटले. आत येऊन निर्मलाला सांगितलं तर ती उसळली. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, पोरगी काय देवी म्हणून पाठवायची? मी म्हटलं, बरं, मग तू जाऊन सांग वर. ती गेली नाही.

सुनंदा मात्र म्हणाली, ‘पाठवा नं ताई. तिले एरवी कोण पुसते?’

ते ऐकून मी हो म्हटलं. असं स्वतःला सांगते आहे. खरं कारण तारीख. तारखेपर्यंत काकूंना दुखवायचं नाही. अडला हरी.

३० सप्टें., मंगळ. अष्टमी

आर्या तासाभराने खाली आली ती पाय न वाकवता. पायांवर कुंकवाची स्वस्तिकं, ती मोडतील म्हणून. अंगावर नवा लाल फ्रॉक, पायात चांदीचे पैंजण. काकूंनी तिला चौरंगावर बसवलं, पितळी परातीत पाय धुतले, स्वतःच्या पदराने पुसले. चांदीच्या वाटीतून खीर. मग काकू पाया पडल्या. ‘मोठी बाई माझ्या पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला,’ हे तिने घरात प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं. मग कपाट उघडून आतल्या फोटोंनाही सांगितलं.

ज्या पोरीने घरात फक्त लाथ बघितली, तिचे पाय कोणी धुतले. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

संध्याकाळी वस्तीत माझ्या घरी आईला सांगितलं. सांगायला नको होतं. आई ऐंशीच्या पुढची, दीक्षेच्या वेळी बारा वर्षांची होती, बापाचं बोट धरून मैदानावर गेलेली. ती जेवता जेवता थांबली.

‘माह्या बापानं घरचे देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते. अन् तू पोरीलेच देव बनवून आली?’

ताट तसंच ठेवून उठली. माझंही जेवण राहिलं.

१ ऑक्टो., बुध.

उद्या दीक्षाभूमी. चौघींनाही यायचंच आहे. पांढरे कपडे घालून या घरातून निघता येणार नाही. दसऱ्याच्या दिवशी नागपुरात पांढरं नेसून कोण कुठे जातं ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ठरलं असं की रंगीत नेसून निघायचं, वस्तीत माझ्या घरी कपडे बदलायचे, मग पुढे. चोरांसारखं. आमचा सगळ्यात मोठा दिवस आणि आम्ही कपडे पिशवीत घालून नेणार.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

गर्दी, ऊन, पुस्तकांचे स्टॉल, वाटेवर लोक पाणी आणि पुरीभाजी वाटत उभे. दरवर्षी इथे आलं की माझी मान आपोआप वर होते. आज नाही झाली.

रांगेत आर्या म्हणाली, सकाळी मी काकूंना फ्रॉक दाखवून आले. कोणता फ्रॉक? हाच. सुनंदाने तिला पांढरा फ्रॉक आत घालून वरून लाल घातला होता. ही मधल्या वेळात लाल काढून, पैंजण वाजवत वर गेली. काकूंनी हातावर लाडू ठेवला आणि विचारलं, अगं, सणाच्या दिवशी पांढरं? तर ही म्हणाली, आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, पांढरंच घालतात.

‘मग काकू काय म्हणाल्या?’

‘काही नाही. आत गेल्या.’

एवढ्या लाखो माणसांत उभी होते, आपल्या माणसांत, आणि मी मनात तारखेपर्यंतचे दिवस मोजायला लागले. सुनंदाला लगेच सांगितलं नाही. तिला डोकं टेकू दिलं आधी.

३ ऑक्टो., शुक्र.

सकाळी गेले तर जिना धुतलेला. वरपासून खालपर्यंत. काकू रोजही धुवत असतील. मी काही म्हणत नाही.

आर्याला त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, बाबा कुठल्या कंपनीत आहेत गं, पूर्ण नाव काय. तिने सांगितलं. का नाही सांगणार? तिच्यासाठी त्या अजून परवाच्याच काकू आहेत.

५ ऑक्टो., रवि.

काकूंनी वर बोलावलं. मला खुर्ची दिली. स्वतः उभ्याच. मुलगा येतोय बंगळूरहून, खालचं घर लागेल, महिनाअखेर मोकळं करा. मी म्हटलं, काकू, मुलाचं राहू द्या. खरं बोला.

त्या रडायला लागल्या. मला ते अपेक्षित नव्हतं.

‘मी तिचे पाय धुतले, मंदाताई. ते पाणी डोळ्यांना लावलं. तुम्ही मला सांगायचं होतं न एकदा.’

मी म्हटलं, सांगितलं असतं तर घर दिलं असतं? मी जातपात मानत नाही हो, पण देवाचं काम वेगळं असतं, म्हणाल्या. पाणी तेच होतं, पोरगी तीच होती. हे मी मनात म्हटलं. तोंडाने फक्त एवढंच मागितलं की कोर्टाची तारीख होऊ द्या. विचार करते, म्हणाल्या.

खाली आले ती रागाने. वीस वर्षं शाळेत शिकवलं, इतकं गप्प कधी बसले नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

९ ऑक्टो., गुरु.

विलास आला.

दुपारी. मी बँकेत होते, निर्मलाचा फोन. पोहोचेपर्यंत तो गेला होता. जे कळलं ते असं. फाटक हलवत शिव्या देत होता, हेल्मेटने कुलूप ठोकत होता. सुनंदा त्याला शांत करायला पुढे गेली. का गेली? सवय. जाळीतून त्याने तिचा हात धरला आणि पिरगाळला. मनगट मोडलं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या आणि बंद झाल्या.

आर्या मागच्या जिन्याने वर पळाली. काकूंच्या दारावर दोन्ही हातांनी थापा. काकूंनी दार उघडलं. तिला आत घेतलं, कडी लावली, आणि मग गॅलरीत येऊन विलासला वरून दम दिला. इथे कोणी लहान पोरगी नाही, पोलिसांना फोन केला आहे, माझ्या फाटकाला हात लावशील तर बघ. केला होता फोन खरंच. तो गेला. पोलीस आले, लिहून घेतलं, सांभाळून राहा म्हणाले.

मी वर आर्याला आणायला गेले. काकूंना नमस्कार केला, मनापासून केला. आर्या गॅलरीच्या दाराशी खाली बसली होती. शेजारी पाणी ठेवलेलं. कागदी पेल्यात.

मी तो पेला उचलला आणि खाली घेऊन आले. कशाला आणला माहीत नाही. ओट्यावर पडला आहे.

१० ऑक्टो., शुक्र.

सुनंदाचा हात प्लास्टरमध्ये. रात्रभर कण्हत होती म्हणे. आर्या फाटक वाजलं की पलंगाखाली जाते.

पत्ता कसा फुटला ते विचारायला वर गेले. काकूंनी न विचारताच सांगितलं. भाचा कळमेश्वरला त्याच कंपनीत आहे. त्याला त्यांनी फोन केला होता. ‘मी फक्त विचारलं, हे लोक कोणते, काय. एवढंच. तो थेट त्या माणसालाच जाऊन विचारेल असं मला काय माहीत?’

एवढंच. आमची जात कोणती हे नक्की करायला निघाल्या आणि तिच्या नवऱ्याला आमचा पत्ता देऊन बसल्या. वस्तीतून पळून आलो ते इथे येऊन तेच. आगीतून फुफाट्यात.

पण काकू पुढे जे बोलल्या ते त्याहून अवघड. रात्रभर झोपल्या नाहीत म्हणाल्या. पोरीच्या थापा कानात आहेत म्हणाल्या. महिनाअखेरचं राहू द्या, मार्चपर्यंत राहा, कोर्टात हाच पत्ता द्या, गरज पडली तर मी येऊन सांगेन की मायलेकी इथे नीट राहतात. एकच. अष्टमीचं कुठे निघायला नको. गल्लीत नाही, त्यांच्या भिशीत नाही, कोर्टात तर नाहीच. ‘त्या पोरीलाही सांगा, कोणाला सांगायचं नाही म्हणून. तेवढं ऐका माझं.’

मी रविवारी सांगते म्हणून आले.

१२ ऑक्टो., रवि.

सांगितलं नाही. जमलं नाही.

सुनंदा म्हणते, ‘हो म्हणून टाका नं ताई. मले घर पायजे. पाय धुतल्याचं सांगून मले काय भेटते?’ बरोबर आहे तिचं. तिच्याजवळ एकच हात चालू आहे आणि एकच पोरगी. तिला तत्त्वं ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

निर्मला म्हणते, घर सोडू. कुठे जायचं ते म्हणत नाही. माझ्या घरी आणलं तर विलासचा चुलतभाऊ दोन गल्ल्या पलीकडे. वस्ती जवळची, म्हणूनच धोक्याची.

आईला सगळं सांगितलं, पेल्यासकट. वाटलं होतं, पुन्हा ताट ठेवून उठेल. ती बराच वेळ पायांना तेल चोळत बसली.

‘तिनं धुतले त धुतले. लपवाचं असन त तिनं लपवावं. पोरीनं काहून लपवाचं वं? पोरीनं काय केलं?’

काही नाही केलं, आई. तेच तर.

१५ ऑक्टो., बुध.

तारीख उद्या.

वकीलबाईंचा फोन येऊन गेला. पत्ता तोच ना? तोच. घरमालकीण येतील का? बघू. पोरीला काही पढवलं नाही ना? नाही. पोरगी खुश असली म्हणजे झालं, म्हणाल्या, मॅडम तिला पहिला प्रश्न तोच विचारतील, तिथे तुला काय आवडतं.

काकू आज दोनदा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. उत्तराची वाट बघत होत्या. मी कपडे वाळत घालत राहिले. येणार आहेत उद्या, निर्मलाला म्हणाल्या. नवी साडी काढून ठेवली आहे म्हणे. म्हणजे त्या तिथे बाहेर बाकावर बसणार आणि आत मॅडम आर्याला विचारणार.

आर्याला एवढ्या दिवसांत काय आवडलं ते मला माहीत आहे. एकच गोष्ट आवडली आहे. तेव्हापासून पैंजण पायातून काढले नाहीत. पेल्यातून पाणी प्यायली तरी काढले नाहीत. पाय धुणारी आणि कागदी पेला देणारी, तिला दोन्ही काकू एकच वाटतात. तिला त्या दोन वेगळ्या आहेत हे सांगायचं काम आता माझं. किंवा नाही सांगायचं, आणि उद्या ती आत काय बोलते त्यावर सुनंदा कळमेश्वरची बस धरते की नाही ते ठरणार. न्यायाधीश पेल्याचं विचारणार नाहीत. पत्ता विचारतील, आणि पत्ता काकूंच्या हातात आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात होते तर ती मागे येऊन उभी राहिली. मला आणि सुनंदाला बोलताना तिने ऐकलं असणार.

‘मंदाआजी, उद्या मॅडमनं विचारलं त पाय धुतले ते सांगू का नको?’

मी म्हटलं, आधी जेवून घे.

तिने जेवून घेतलं, ताट धुतलं आणि पुन्हा येऊन उभी राहिली.